११-३६ कॅसेटला ४२चा कॉग जोडून घरच्या घरी ११-४२ केली आहे का कोणी?

चिखलफेक:
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढला. सायकल २९ इंची चाकांची हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली), पुढे पेडलपाशी एकच ३२ दातांची चेनरिंग, मागच्या चाकावर १० स्पीड ११-३६ कॅसेट, म्हणजे ११ ते ३६ दातांच्या १० कॉगांचा (दातेरी चकत्यांचा) गठ्ठा. एरवी तक्रार नाही, पण नेहमीच्या ट्रेलवर शेवटी मुळ्यांनी भरलेला एक चढ आहे तिथे दरवेळी उतरून ढकलावी लागते आणि मागून येणारा कोणीतरी शांतपणे पेडल मारत "सगळं ठीक ना?" विचारून पुढे जातो. त्या "ठीक ना"चा आता मनस्वी संताप यायला लागलाय.

तर बेत असा. खणात दोन जुन्या कॅसेटी पडल्यात, एक १० स्पीडची, एक ९ची. ४२चा सुटा कॉग मिळतो तो सगळ्यात मागे घालायचा, १५ आणि १७ काढून त्यांच्या जागी एकच १६ घालायचा. म्हणजे ११-१३-१६-१९-२१-२४-२८-३२-३६-४२. कागदावर झकास दिसतंय. कोणी केलंय का? कुठे वाट लागते? तयार ११-४६ मिळते हे मला माहीत आहे, कृपया "तीच घे" सांगायला येऊ नका, मला स्वतः जुळवायची आहे.

निवांत:
तीच घे.

अर्धवट_मिस्त्री:
केलीय, वापरलीय, आणि अजून दोघांना करून दिलीय. आधी कॅसेट काढून पालथी कर आणि बघ कुठले कॉग सुटे आहेत. मोठे दोन-तीन सहसा एका ॲल्युमिनियमच्या स्पायडरवर (कॉग धरणाऱ्या सांगाड्यावर) रिव्हेटने ठोकलेले असतात, त्यांना हात लावायचा नाही, ४२ त्यांच्या मागे बसतो. लहान कॉग सुटे असतात, तुझे १५-१७ त्यातलेच. काही कॅसेटींत सगळे कॉग आरपार लांब पिनांनी धरलेले असतात, त्या पिना फक्त गठ्ठा एकत्र राहावा म्हणून असतात, जोर सगळा फ्रीहबच्या (मागच्या चाकाचा, कॅसेट जिच्यावर बसते ती नळी) खाचांवर येतो, तेव्हा पिनांची डोकी कानशीने घासून उडवलीस तरी बिघडत नाही. पण स्पायडरचे रिव्हेट म्हणजे ते नव्हे हां, हे लक्षात ठेव.

दुसरं, एक कॉग कमी होतोय म्हणजे त्याच्यासोबत एक स्पेसरपण (दोन कॉगांमधली कडी) कमी झाला पाहिजे. हसू नका, माझ्या एका मित्राने स्पेसर तसाच ठेवला आणि लॉकरिंग (सगळा गठ्ठा आवळणारी शेवटची कडी) का बसत नाही म्हणून अर्धा तास त्यावर लटकत होता.

४२च्या कॉगवर बहुतेक एक खूण असते. फ्रीहबला ९ खाचा असतात, त्यातली एक वेगळ्या मापाची, त्यामुळे कॉग एकाच पद्धतीने आत जातो. हे उगाच नाही केलेलं. प्रत्येक कॉगच्या अंगावर चेन उचलून घ्यायला उतरत्या कडा असतात आणि त्या शेजारच्या कॉगच्या हिशोबाने कापलेल्या असतात. तू १६ दुसरीकडून आणून घालणार म्हणजे १३-१६ आणि १६-१९ या दोन ठिकाणी तो हिशोब मोडणार. चालतं, पण "खट्" ऐवजी "खर्र खट्" होतं.

वाचनमात्र:
अनेक वर्षं नुसता वाचतोय, आज पहिला प्रतिसाद, कारण मी ही चूक केलेली आहे आणि ती फार महागात पडली. ४२ घातला, गिअर स्टँडवर हाताने फिरवून बघितले, ३६ पर्यंत सगळं सुरेख. मग म्हटलं निघूया. पहिल्याच चढावर ४२ला टाकला, आणि चेन आखूड. डिरेलरचा (चेन एका कॉगवरून दुसऱ्यावर नेणारा आणि ताणून धरणारा भाग) पुल्यांचा पिंजरा पुढे ताणून सरळ रेषेत आला, एक क्षण सगळं गच्च झालं, मग हँगर (डिरेलर ज्याला टांगलेला असतो तो तुकडा) कडकन तुटला आणि डिरेलर थेट स्पोकमध्ये. तीन स्पोक गेले. सगळ्यात वाईट म्हणजे तेव्हा वेग फार तर चालण्याइतका होता, त्यामुळे मी अगदी हळूहळू, सगळं नीट बघत बघत पडलो.

चेन मोजायची पद्धत सोपी आहे. डिरेलर मध्ये न घेता चेन पुढची चेनरिंग आणि मागचा सगळ्यात मोठा कॉग यांच्यावरून फिरवायची, जिथे टोकं भेटतात त्याच्यापुढे दोन दुवे (एक आतला, एक बाहेरचा) जास्त ठेवायचे. मागे सस्पेन्शन असेल तर शॉकमधली हवा काढून, चाक पूर्ण वर दाबून मोजायची, कारण दबल्यावर चेनची वाट लांबते. चिखलफेकची हार्डटेल आहे, त्याचं सुटलं.

चिखलफेक:
बापरे. बरं झालं धागा काढला. म्हणजे चेनपण नवीन आली.

अर्धवट_मिस्त्री:
हो, आणि तिथेच खरी मेख आहे, मी लिहायला विसरलो. नवीन चेन जुन्या झिजलेल्या कॉगवर घसरते. जोर लावला की दातांवरून उडी मारते, आणि जोर तू नेमका चढावर लावणार. आत्ताची चेन पट्टीने मोज, चेनचे १२ पूर्ण दुवे (आतला-बाहेरचा मिळून एक) बरोबर १२ इंचात म्हणजे ३०४.८ मिमीत बसायला हवेत. ३०६.३ च्या पुढे गेले म्हणजे अर्धा टक्का लांबली. तशा चेनवर तू फार फिरला असशील तर कॉगही तिच्याबरोबर झिजलेत, मग त्या कॅसेटवर ४२ जोडणं म्हणजे गळक्या छपराला नवीन दार.

दात_मोजणारा:
माझा आवडता विषय निघालाय, थोडं लांबेल, हलकेच घ्या.

दात मोजू नका, टक्के मोजा. पायाला दात कळत नाहीत, टक्के कळतात. १३ वरून १५ म्हणजे १५ टक्के उडी. तुझ्या बेतात १३ वरून १६ म्हणजे २३ टक्के, मग १६-१९ हे १९ टक्के. त्यापेक्षा नुसता १७ काढलास तर १५-१९ मध्ये २७ टक्क्यांचा खड्डा पडतो, म्हणून १६ची कल्पना बरी आहे. वर ३६-४२ ही उडी फक्त १७ टक्के, ती अगदी सुखाची. म्हणजे तुझ्या कॅसेटचा सगळा खड्डा लहान कॉगांकडे आहे, जिथे तू सपाटीवर आणि हलक्या उतारावर असतोस.

तयार १० स्पीड ११-४६ बघ: ११-१३-१५-१८-२१-२४-२८-३२-३७-४६. सगळं गुण्यागोविंदाने चाललंय आणि शेवटी ३७ वरून एकदम ४६, म्हणजे २४ टक्के. इथे खड्डा चढाच्या टोकाला आहे.

आता मीटरमध्ये. २९चं चाक एका फेऱ्यात साधारण २.२९ मीटर जातं. ३२/३६ला (पुढचे दात/मागचे दात) पेडलच्या एका फेऱ्यात २.०४ मीटर, मिनिटाला ६० फेरे मारलेस तर ७.३ किमी वेग. ३२/४२ला १.७४ मीटर, वेग ६.३. ३२/४६ला १.५९ मीटर, ५.७ किमी. माझ्या मते खड्डा टोकाला असलेला बरा, शेवटचा गिअर हा संकटकाळी बाहेर पडायचा दरवाजा, तिथे जिना थोडा उंच असला तर काय बिघडतं.

उतारावर_राणी:
शेवटच्या वाक्याशी साफ असहमत. संकटकाळातच ती उडी जाणवते. तुम्ही ३७वर जेमतेम तग धरून आहात, श्वास कानात ऐकू येतोय, टाकला ४६ की पाय एकदम मोकळे फिरतात, तोल जातो, मागचं चाक मुळीवर भिरभिरतं आणि खाली पाय. माझ्या बाबतीत दहातल्या सात वेळा. त्यापेक्षा सपाटीवर २३ टक्क्यांचा खड्डा मी आनंदाने सहन करेन.

पण मूळ प्रश्नाबद्दल. चिखलफेक, तुला रुंद कॅसेट हवीय की हलका गिअर हवाय? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी पुढची चेनरिंग ३२ची काढून २८ची लावली. २८/३६ म्हणजे ०.७७८. तुझं ३२/४२ म्हणजे ०.७६२. फरक दोन टक्के! एका चेनरिंगमध्ये काम तमाम, बी-स्क्रू (डिरेलरची पुली कॉगपासून किती लांब राहील ते ठरवणारा) नाही, स्पेसर नाही, आणि चेन लांब करायच्या ऐवजी एखादी जोडी काढावी लागते. गमावलं काय, तर ११वर वरचा वेग. ३२/११ला ९० फेऱ्यांत ३६ किमी, २८/११ला साडेएकतीस. ट्रेलवर तिशीच्या पुढे पेडल मारतंय कोण, मी तर त्या वेगाला ब्रेक धरून देवाचं नाव घेत असते.

निवांत:
आयडी उतारावर_राणी आणि उतारावर ब्रेक :)

उतारावर_राणी:
राण्या पालखीत बसतात, पेडल मारत नाहीत. :P

चिखलफेक:
@उतारावर_राणी हे डोक्यातच आलं नव्हतं, दंडवत. पण आत्ता जाऊन मोजलं, माझा क्रँक (पेडलचे दांडे) चार बोल्टचा, बोल्टच्या वर्तुळाचा व्यास १०४ मिमीवाला आहे, त्यात ३२च्या खाली सहज बसत नाही ना?

अर्धवट_मिस्त्री:
बरोबर. १०४ वर ३२, आणि बोल्टची भोकं आटे पाडून दातांच्या आत घेतलेली खास चेनरिंग असेल तर ३०. त्याखाली चेनच बोल्टवर बसेल.

जुनाट_लोखंड:
वा वा, पोरं आता ४२ आणि ४६ साठी भांडतायत. आमच्या ९ स्पीडला पुढे तीन चेनरिंग असायच्या, ४४-३२-२२, मागे ११-३४. २२/३४ काढा बघू, दात_मोजणारा. मीच काढतो, ०.६४७. तुमच्या ३०/४६चं उत्तर ०.६५२. आणि रेंज म्हणाल तर वरच्या ४४/११ पासून खालच्या २२/३४ पर्यंत ६१८ टक्के. आजची १०-५२ कॅसेट ५२० टक्क्यांत दमते. तेवढ्यासाठी ताटलीएवढा कॉग बनवावा लागला तो वेगळाच.

आता उपयोगाचं. चिखलफेक, तुझा क्रँक मुळात तीन चेनरिंगांचा असेल तर आतल्या बाजूला ६४ मिमीची चार भोकं अजून असतील. त्यावर २८ची अरुंद-रुंद दातांची चेनरिंग बसते. चेनची रेषा आत सरकते, मोठ्या कॉगवर चेन सुरेख सरळ चालते, ११वर मात्र बरीच तिरकी जाते आणि कुरकुरते. चढणाऱ्याला काय त्याचं.

दात_मोजणारा:
६१८ टक्के मान्य, पण आजोबा, त्या २७ गिअरांतले निम्मे एकमेकांची नक्कल होते आणि उरलेल्यांपैकी अर्ध्यांत चेन इतकी तिरकी की लोक वापरत नव्हते.

जुनाट_लोखंड:
वापरत नव्हतो तरी होते ना. घरात पाहुण्यांसाठी जास्तीची गादी असते तसं.

चिखलफेक:
भोकं नाहीत. क्रँक एका चेनरिंगसाठीच बनलेला आहे. म्हणजे क्रँक बदला किंवा कॅसेट. मी कॅसेटवर ठाम. :)

वाचनमात्र:
डिरेलर कोणता आहे? मधला पिंजरा की लांब?

चिखलफेक:
मधला. शिमानोचा, क्लचवाला.

अर्धवट_मिस्त्री:
मग चेन गुंडाळायची क्षमता पुरेशी आहे. मधल्या पिंजऱ्याला साधारण ३५ दात लिहिलेले असतात, तुझा फरक ४२ वजा ११ म्हणजे ३१. लोक इथेच थांबतात आणि म्हणतात जमलं. पण सगळ्यात मोठा कॉग किती, ही मर्यादा निराळी. ३६साठी बनवलेल्या डिरेलरची वरची पुली ४२च्या दातांवर घासते. त्यावर उपाय बी-स्क्रू. पूर्ण आत घेऊनही पुरला नाही तर स्क्रू काढून उलट्या बाजूने लाव, म्हणजे डोकं हँगरकडे टेकतं आणि तेवढे एक-दोन मिमी वाढतात. किंवा सरळ लांब स्क्रू. हँगर आणि डिरेलरच्या मध्ये घालायची एक पट्टीपण मिळते, ती डिरेलर खाली-मागे नेते.

फुकट काही नाही. पुली ४२ पासून लांब गेली म्हणजे ११-१३ पासून फारच लांब गेली, लहान कॉगांवर गिअर आळसावतो. १३-१६ची उडी, परका १६, आणि वर ही लांबलेली पुली, तिन्ही दुखणी एकाच जागी. हे माहीत असू दे.

निवांत:
मी गंमत म्हणून "तीच घे" म्हटलं होतं पण खरंच विचारतो. हे सगळे जोड-कॉग आले कारण २०१२ला स्रॅम कंपनीने १०-४२ आणली, ११ स्पीड, तिला एक्सडी ड्रायव्हर (वेगळ्या घडणीचा फ्रीहब) लागायचा कारण नेहमीच्या एचजी फ्रीहबवर ११पेक्षा लहान कॉग बसतच नाही. १० स्पीडवाल्यांनी वर बघून उसासे टाकले आणि कोणीतरी ४२ची चकती कापली. तेव्हा दुसरा इलाज नव्हता. पुढे २०१६ला १०-५० आली, २०१८ला शिमानोची १०-५१ मायक्रो स्प्लाइनवर (त्यांचा वेगळा फ्रीहब), आणि २०२०ला चक्क १० स्पीडमध्येच ११-४६. आता ज्या खाचेत दगड अडकला होता ती खाचच भरलीय. मग एवढा खटाटोप का?

चिखलफेक:
कारण माझे कॉग मी मोजले, चेन ३०५.४ आहे, म्हणजे कॅसेट अजून धडधाकट. आणि खरं सांगू का, खणातल्या त्या वस्तू मला झोपू देत नाहीत.

अर्धवट_मिस्त्री:
दुसरं कारण जास्त प्रामाणिक वाटतं.

उतारावर_राणी:
+१. झाली की फोटो टाक.

(नऊ दिवसांनी)

चिखलफेक:
मंडळी, अपडेट. आधी रडगाणं.

शनिवारी सगळं सुटं केलं. वर्तमानपत्रावर कॉग ओळीने मांडले, ११ पासून ४२ पर्यंत, मधे स्पेसर. एक स्पेसर तडकलेला निघाला, आणि दोन इतके चिकटलेले की काढताना वाकले. म्हटलं खणात ९ स्पीडची कॅसेट आहे की, तिचे तीन स्पेसर घेतले. बाहेरून सेम टु सेम. हातात घेऊन एकावर एक ठेवून बघितले, फरक दिसेना. सगळं बसवलं, लॉकरिंग कटकट आवाज करत घट्ट झालं, नवीन चेन मोजून लावली, बी-स्क्रू उलटा केला, वरच्या-खालच्या मर्यादेचे स्क्रूपण पुन्हा लावले.

आणि गिअर लागेनात. म्हणजे लागायचे, पण विचित्र. ४२, ३६, ३२ उत्तम, मग २१च्या पुढे चेन दोन कॉगांच्या मध्ये बसून चरचरायला लागली. तिथे केबल सुधारली की वर बिघडायचं. वर सुधारली की खाली. दीड तास मी ती केबलची नळी पाव पाव फेरा इकडून तिकडे करत होतो.

दात_मोजणारा:
थांब, सांगू नकोस. ९चा स्पेसर २.५६, १०चा २.३५.

चिखलफेक:
अगदी! रात्री व्हर्नियर आणून मोजला, २.५५. उरलेले मूळचे २.३५. तीन स्पेसरचे मिळून ०.६ मिमी. १० स्पीडचं एका गिअरचं अंतर ३.९५ मिमी, म्हणजे शेवटापर्यंत मी जवळपास सातवा हिस्सा सरकलेलो होतो. डोळ्याला काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

अर्धवट_मिस्त्री:
१६ कुठून घेतलास? ९च्या कॅसेटीतला तर नाही? तो पण जाड असतो, १.७८, १०चा १.६.

चिखलफेक:
नाही, १६ नवीन आणला, १० स्पीडचाच. ४२सोबत जोडीने मिळाला. स्पेसर खणातल्या दुसऱ्या १०च्या कॅसेटीचे काढले, तिच्या पिनांची डोकी घासून. त्याला एक अख्खी संध्याकाळ. आणि फ्रीहबवर एक बघितलं, सुट्या कॉगांनी ॲल्युमिनियममध्ये चांगले चावे घेतलेत, नखाने जाणवतात. स्पायडर जिथे बसतो तिथे गुळगुळीत. त्या चाव्यांच्या कडा कानशीने साफ केल्या तेव्हा कॉग सरळ आत गेले.

आता चालतंय. ४२ला चेन आवाज न करता चढते. १३-१६ ला अर्धवट_मिस्त्री म्हणाले तसं "खर्र खट्". ११-१३ थोडं सुस्त. सपाटीवर १६ आणि १३च्या मध्ये एक गिअर हवाहवासा वाटतो, दात_मोजणारा जिंकले.

दात_मोजणारा:
नोंद घेतली गेली आहे.

जुनाट_लोखंड:
ते सगळं राहू दे. चढ?

चिखलफेक:
दोन तृतीयांश. रविवारी दोनदा. पहिल्या वेळी पुढचं चाक उचललं म्हणून उतरलो, दुसऱ्या वेळी खोगिराच्या टोकावर सरकून बसलो तर शेवटच्या मुळीपर्यंत गेलो. तिथे थांबून श्वास घेत होतो तेव्हा मागून एक जण आला.

उतारावर_राणी:
"सगळं ठीक ना?"

चिखलफेक:
तेच. पण तो पण उतरून ढकलत होता.

वाचनमात्र:
अभिनंदन! एक शंका, पुली आणि ४२मध्ये अंतर किती ठेवलंस? माझी आता जरा लांब वाटतेय.

चिखलफेक:
६ मिमीची ॲलन की चेन ४२वर असताना दोघांच्या मध्ये घालून बघितली, जेमतेम आत जाते तेवढं.

अर्धवट_मिस्त्री:
बरोबर केलंस. फक्त पेडल फिरवायच्या आधी ती की बाहेर काढा रे, मी एकदा फोन घ्यायला उठलो आणि परत येऊन तसाच फिरवला. ती की अजून माझ्याकडे आहे, तिने आता कोपऱ्याच्या मागचे बोल्ट उघडता येतात.